मशीन कोण उचलणार?

मैत्रिणींनो,



या अंकाचं संपादकीय शिवणाच्या मशीनवर आहे हे पाहून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडतील. बाईचा प्रश्न कोणताही असो, नवऱ्यानं टाकलेली असो, गिरणी बंद पडलेली असो की पुरात घर वाहून गेलेलं असो, उत्तर म्हणून तिच्यापुढे शिवणाचं मशीन ठेवायचं, त्याला हार घालून फोटो काढायचा आणि मोकळं व्हायचं, ही रीत आपण पुष्कळ पाहिली आहे. त्यावर आपण पथनाट्यं केली, लेख लिहिले, आणि ते बरोबरच होतं. बाईला जमिनीत वाटा हवा, कामाला योग्य मजुरी हवी. मशीन हा या सगळ्याला पर्याय नाही.

पण आज विचारणा आली आहे ती आपल्याच गटांकडून. शिबिरांना आणि वस्तीतल्या वर्गांना नेता येईल असं हलकं मशीन कोणतं घ्यावं? कापडी पॅड शिवायला शिकवायचंय, पिशव्या, गोधड्या, मोर्चाचे फलक शिवायचेत. पैसे बेताचे आहेत, त्यात एकच मशीन बसेल. वरवर हा बाजारहाटाचा प्रश्न वाटतो. मला तो संघटनेचा वाटतो.

आपल्याकडचं नेहमीचं काळं मशीन ओतीव लोखंडाचं. त्याचं नुसतं हेडच दहा-बारा किलोचं, आणि पायमशीन असेल तर लोखंडी स्टँडचं वजन वेगळं. असं मशीन एकदा समाजमंदिराच्या खोलीत ठेवलं की तिथून हलत नाही. म्हणजे बायांनी मशीनकडे यायचं. त्यासाठी सासूला विचारायचं, लेकराला कुणाकडे तरी ठेवायचं, रानातल्या कामाचा अर्धा दिवस बुडवायचा. जिला हे जमतं ती शिकते. जिला घराचा उंबरा ओलांडणंच अवघड, ती कधी वर्गाला येतच नाही, आणि आपण अहवालात लिहितो, ‘प्रतिसाद कमी मिळाला’. मशीनच्या वजनावर कोण शिकणार हे ठरत असतं, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नको. जी ताई शिकवायला जाणार आहे तिनं मशीन एका हातानं उचलून पाहावं. ते घेऊन तिला एसटीच्या पायऱ्या चढायच्या आहेत, फाट्यावर उतरून पाड्यापर्यंत चालायचं आहे. २०२३ सालापासून महाराष्ट्रात एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, पण मशीन उचलायला गडी लागत असेल तर त्या अर्ध्या तिकिटाचा उपयोग काय? मशीन न्यायला टेम्पोवाला किंवा कुणाचा तरी भाऊ लागला, की शिबिराची तारीख आणि वेळ त्याच्या सवडीनं ठरते.

आता बाजारात काय मिळतं ते पाहू.

पहिला प्रकार विजेवर चालणाऱ्या, वर धरायला मूठ असलेल्या घरगुती मशीनचा. वजन साधारण सहा-सात किलो. सरळ टिपेबरोबर झिगझॅगही येते, त्यामुळे कापडाच्या कडा बांधता येतात, काजं करता येतात. मोटार छोटी असते, बहुतेक शंभर वॅटच्या आतली, त्यामुळे साध्या इन्व्हर्टरवरही चालते. वरचं कवच प्लॅस्टिकचं असलं तरी चालेल, पण आतली चौकट धातूची आहे ना, हे विचारून घ्या.

दुसरा प्रकार एक-दीड किलोच्या मिनी मशीनचा. स्वस्त म्हणून वाटपासाठी ही घाऊक घेतली जातात. गोधडीचे थर तर सोडाच, पॅडच्या फ्लॅनेलच्या तीन-चार घड्यांनाही ती दमतात. हातात धरून चालवायची जी मशीन मिळतात ती एकाच दोऱ्यानं साखळीटीप घालतात. टोक ओढलं की सगळी शिवण उसवते. नवशिक्या बाईच्या हाती असं मशीन दिलं तर ती म्हणते, ‘मला जमतच नाही’. आयुष्यभर हेच ऐकत आलेल्या बाईला आपल्या वर्गातही तेच वाटावं, एवढी ही बचत महाग आहे.

तिसरं आपलं जुनं हातमशीन. लाकडी बैठकीवर हेड, चाकाला मूठ. हे हलकं नाही, दोघींनी धरून न्यावं लागतं. एक हात चाकात अडकतो. पण त्याला वीज लागत नाही आणि ते सावकाश चालतं, म्हणून पहिल्यांदा बसणाऱ्या बाईला त्याची धास्ती वाटत नाही. कुणाच्या माळ्यावर असेल तर ते मोडीत घालू देऊ नका.

हलकं म्हणजे कुचकामी, असंही नाही. सिंगर कंपनीनं १९३३ साली ‘फेदरवेट’ नावाचं ॲल्युमिनियमचं मशीन काढलं, सुमारे पाच किलोचं. अमेरिकेतल्या गोधड्या शिवणाऱ्या बायका आजही ते जपून वापरतात. चांगला धातू आणि उघडून साफ करता येण्याजोगी रचना, यामुळे ते टिकलं.

उघडता येणं ही माझी दुसरी अट. मशीन अडलं की तालुक्याला, तिथून जिल्ह्याला पाठवायचं, तोवर वर्ग बंद, असं परावलंबन आपल्याला नको. दुकानदारासमोरच सुईखालची पट्टी काढा, दातांत अडकलेला कापसाचा भुगा कसा काढायचा ते पाहा. बॉबिन कोणत्या जातीचं आहे ते नीट विचारा. काळ्या मशीनचं बॉबिन या मशीनला चालेलच असं नाही, म्हणून डझनभर जास्तीची घेऊन ठेवा. सुया ११, १४ आणि १६ नंबरच्या ठेवा, पातळ कापडाला ११, जाडाला १६. तेल कुठे घालायचं आणि कुठे मुळीच नाही, हे पुस्तिकेत असतं. ते मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून झाकणाला चिकटवा. दुकानदार कडक सुती कापडावर टीप मारून दाखवतो, त्यावर कोणतंही मशीन छान चालतं. आपण जुन्या साडीचे थर आणि फ्लॅनेलचे तुकडे घरून न्यावेत. आणि बिल गटाच्या नावानं घ्यावं, कुणा कार्यकर्तीच्या नवऱ्याच्या नावानं नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. हे हलकं मशीन शिकण्यासाठी आणि एकत्र येण्यासाठी आहे. रोज आठ-आठ तास शिवून पोट भरायचं तर दणकट मशीन लागतं, आणि घरी पायमशीन असेल तर वर्गात पायमशीनचाही सराव हवा. त्यासाठी सरकारी योजनांकडे जाल तेव्हा नियम नीट वाचा. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. पण लाभ कुटुंबातल्या एकालाच! नवऱ्यानं सुतार म्हणून नाव नोंदवलं की शिवणाऱ्या बायकोचा हक्क संपला. कुटुंब म्हणजे एक माणूस, आणि तो बहुधा पुरुष, हा हिशोब आपल्याला नवा नाही. त्याविरुद्ध आपण बोललं पाहिजे.

मशीन आल्यावर दर कोण ठरवणार, हा प्रश्नही उरतोच. घरी बसून नगावर काम करणाऱ्या बाईला कामगार मानणारा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ साली केला, क्रमांक १७७. भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही. दोरा, वीज, सुई, जागा सगळं तिचं, आणि दर मात्र व्यापाऱ्याचा. म्हणून वर्गात टीप शिकवता शिकवता एका परकराला किती वेळ लागला, दोरा किती गेला, हा हिशोबही फळ्यावर मांडायला हवा.

तेव्हा माझं मत असं: एकच घ्यायचं असेल तर सहा-सात किलोचं, धातूच्या चौकटीचं, झिगझॅगचं मशीन घ्या, जिथे विजेचा भरवसा नाही तिथे जोडीला जुनं हातमशीन शोधा. शिबिराचं पहिलं सत्र मशीन उघडून साफ करण्याचं ठेवा आणि प्रत्येक गावातल्या निदान दोघींना ते पक्कं येऊ द्या.

तुमच्या गटानं कोणतं मशीन घेतलं, ते कुठे अडलं, कुणी दुरुस्त केलं, ते आम्हाला लिहा. पुढच्या अंकात ती पत्रं छापू.

तुमची,
संपादक