‘पैसे हवेत का?’ या प्रश्नापलीकडे



प्रवेशाच्या फेऱ्या आटोपल्या की आपल्या घराघरांत एक लगबग सुरू होते. मुलगा पुण्याला निघतो, मुलगी मुंबईला. गादी, बादली, कुलूप, लाडू-चिवड्याचे डबे असा सरंजाम गाडीत चढतो. वडील वसतिगृहाची खोली पाहतात, नळ सोडून पाण्याचा जोर अजमावतात, खिडकीवर शुल्क भरून पावती घडी घालून खिशात ठेवतात आणि त्याच रात्री परततात. कारण दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवता येत नाही. पुढे दर रविवारी फोन होतो आणि त्यात एक प्रश्न ठरलेला असतो, “पैसे हवेत का?”

माझी छत्तीस वर्षे बँकेत गेली. शैक्षणिक कर्जाचे कितीतरी अर्ज माझ्या हाताखालून गेले. वसतिगृहाचे शुल्क, खानावळ, पुस्तके, प्रवास, प्रत्येक खर्चाला त्यात रकाना असे. अडचण आली तर हे मूल कोणाकडे जाईल, याला रकाना नव्हता आणि मीही ते कधी विचारले नाही. त्याची किंमत कळली ती आमच्याच घरात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या पुतण्याची सांगलीच्या बाजारात हळदीची अडत आहे. त्याचा मुलगा पुण्यास अभियांत्रिकीला, वसतिगृहात. पौषात एकदा पुतण्या आला आणि मुलाच्या खात्याचा उतारा मोठ्या अभिमानाने माझ्यापुढे ठेवून म्हणाला, “बघा काका, महिन्याला हजार रुपयेसुद्धा खर्च करत नाही. अंगात काटकसर आहे.” उताऱ्यात काय आहे यापेक्षा काय नाही, हे आधी पाहण्याची सवय आम्हा बँकवाल्यांना असते. रोज एक नोंद होती, वीस किंवा तीस रुपयांची, एकाच किराणा दुकानाची. याखेरीज झेरॉक्स नाही, बसचे तिकीट नाही, मित्रांबरोबर घेतलेल्या चहाचे दहा रुपयेदेखील नाहीत. एकोणीस वर्षांच्या मुलाचे खाते इतके शांत असू नये.

चार दिवसांनी मी पुण्यास गेलो. मुलगा पुष्कळच वाळला होता. हळूहळू बोलता झाला. खानावळीत रात्रीचे जेवण साडेसात वाजता सुरू होई आणि हा सूर्यास्तानंतर जेवत नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने वाढप्याला विचारून पाहिले. तो हसला, शेजारची मुलेही हसली. त्यानंतर याने कोणालाच विचारले नाही. सायंकाळी बिस्किटांचा पुडा आणि दोन केळी यांवर त्याने पाच महिने काढले. जेवणाचे पैसे मात्र भरलेले होतेच. सकाळी डोके दुखे, तास बुडत, आणि पहिल्या सत्रात दोन विषय राहिले होते. घरी यातले काहीच ठाऊक नव्हते. “अण्णा, बाबांना इतक्यात सांगू नका. बाजारात कळलं तर आपल्या पेढीचं नाव जाईल,” असे तो म्हणाला. हे वाक्य त्याला आपणच शिकवले, हे मला तेथेच उमगले.

आपण व्यापारी माणसे पतीवर जगतो. घरातली उणीव चव्हाट्यावर आणू नये, हे बाळकडूच असते. पण बँकेतील अनुभव निराळा सांगतो. हप्ता चुकण्यापूर्वी जो कर्जदार येऊन “यंदा अडचण आहे” असे सांगे, त्याची मुदत वाढवून देण्याचे मार्ग आमच्यापाशी असत. जो तोंड चुकवत राही, त्याचे खाते बुडीतात जाई. दोघांच्या व्यवसायात बहुधा फारसे अंतर नसे.

आम्ही दोघे रेक्टरांकडे गेलो. ते रागावले नाहीत, उलट चकित झाले. “लेखी अर्ज द्या, खानावळीच्या समितीपुढे ठेवतो,” इतकेच म्हणाले. अशी समिती आहे आणि तिच्यात विद्यार्थीच सभासद असतात, हे आमच्या मुलाला पाच महिन्यांत कळले नव्हते. अर्जावर आणखी नऊ जणांनी सह्या केल्या. त्यांत आपल्या समाजाचे तिघेच होते. एक मधुमेही होता, बाकीचे सायंकाळी शिकवण्या घेणारे किंवा कामाला जाणारे होते. पंधरवड्याच्या आत पावणेसहाला ताटे मिळू लागली.

अभ्यासाची गोष्ट इतकी सोपी नव्हती. बहुतेक महाविद्यालयांत काही विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक शिक्षक नेमलेला असतो. आमच्या मुलाला त्यांचे नावही माहीत नव्हते. त्यांनी राहिलेल्या विषयांची आखणी करून दिली आणि समुपदेशकांना भेटण्यास सुचवले. येथे पुतण्या अडला. “उद्या सोयरिकीच्या वेळी कोणी विचारले तर?” या एका प्रश्नाने आपल्या समाजात किती मुलांना दारातून परत फिरवले असेल! मी त्याला विचारले, गुडघा दुखला तर वैद्याकडे जाताना सोयरिक आठवते का? तो गप्प राहिला. पण मुलगा गेला, सहा-सात वेळा गेला, आणि झोपू लागला.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. तेव्हा ‘तुमचे समुपदेशक कोठे बसतात?’ हा प्रश्न पालकाने शुल्काच्या खिडकीवरच निःसंकोच विचारावा. रात्री-अपरात्री मुलाला कोणाशी बोलावेसे वाटले तर केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते, मराठीतूनही.

रॅगिंगविषयी थोडे. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेतले जाते. ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांमुळे. आपण त्यावर न वाचता सही करतो (न वाचता केलेल्या सह्यांविषयी मी पूर्वी याच सदरात पुरेशी चिडचिड केली आहे). तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. मुलींच्या पालकांनी महाविद्यालयातील अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावे फलकावर लावलेली आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

पैशाच्या मदतीबाबत आपला संकोच वेगळाच असतो. २०१४ साली जैन समाजाला केंद्राने अल्पसंख्याक दर्जा दिला. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कुटुंबांना शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. ‘आपण घेणारे नव्हे, देणारे’ असे म्हणून अर्ज न करणारी, पण दुकान गहाण ठेवून शुल्क भरणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. ग्रंथालयाची पुस्तकपेढी आणि काही विद्यापीठांतील ‘कमवा व शिका’ योजना यांकडेही आपली मुले अशीच पाठ फिरवतात.

आणि हे सारे आपल्या परंपरेला परके मुळीच नाही. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ साली स्थापन झाली. गावोगावच्या मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून बोर्डिंगे चालवणे हे तिचे एक मोठे कार्य. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९२४ साली साताऱ्यास शाहू बोर्डिंग काढले. मी स्वतः सत्तरच्या दशकात अशाच एका बोर्डिंगात राहिलो. आमचे अधीक्षक पंगतीत फिरत आणि रिकामा पाट दिसला की खोलीवर येऊन कपाळाला हात लावून पाहत. आजच्या आठशे मुलांच्या वसतिगृहात रिकामा पाट कोणाला दिसणार? तेथे मुलालाच जाऊन सांगावे लागते आणि सांगायचे कोणाला, हे आधी ठाऊक असावे लागते.

म्हणून यंदा ज्यांची मुले निघाली आहेत त्यांना एक विनंती. त्या दिवशी दुकान एक दिवस जास्त बंद ठेवा. रेक्टर, मार्गदर्शक शिक्षक आणि समुपदेशक या तिघांच्या दारापर्यंत मुलाबरोबर चालत जा, नमस्कार करा, क्रमांक लिहून घ्या. जेवणाच्या वेळा विचारा. पथ्य असेल तर पहिल्याच दिवशी लेखी द्या.

आमच्या मुलाचा राहिलेल्यांपैकी एक विषय सुटला, एक अजून बाकी आहे. रविवारी फोनवर पुतण्या आता “आज काय जेवलास?” असे विचारतो. परवा मुलाने उत्तर दिले, “वांग्याची भाजी. वाईट होती. समितीत बोलणार आहे.”

शैक्षणिक कर्जाची परतफेड नेमकी केव्हा सुरू होते, याविषयी बरीच पत्रे आली आहेत. तो विषय पुढील अंकी.