मनुष्याचा अभ्यास तुकड्यांनी का करावा?

दहावीची परीक्षा जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : "पुढे काय घेणार?" आम्ही "जीवशास्त्र आवडते" असे सांगितले, की वडीलधारी मंडळी समाधानाने म्हणतात, "म्हणजे डॉक्टर होणार!" या उद्गारात आशीर्वाद आहे, हे आम्ही जाणतो. तथापि त्यात एक गैरसमजही दडलेला आहे. वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेपलीकडे या विषयाला स्वतःचे असे काही मोलच नाही, असा तो गैरसमज होय. शिवाय विज्ञानशाखा पत्करली, की इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांना बहुधा कायमचा रामराम ठोकावा लागतो. मनुष्याचे शरीर एका दालनात आणि त्याचे जीवन दुसऱ्या दालनात, ही वाटणी आम्हांस पटत नाही.

का पटत नाही, ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्या इंदूरच्या पश्चिमेस झाबुआ, अलीराजपूर हा भिल्लांचा मुलूख आहे. तेथे सिकलसेल नावाचा रक्तविकार आढळतो. या विकारात रक्तातील वाटोळी तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते, आणि रोग्यास असह्य वेदना भोगाव्या लागतात. हा दोष मुळात रक्तातील हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे लायनस पाउलिंग या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९४९ साली दाखविले. पण इतका घातक दोष पिढ्यान् पिढ्या टिकला कसा? त्याचे उत्तर १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दिले. सदोष जनुक आई व बाप या दोघांकडून आले तर रोग जडतो. परंतु एकाकडूनच आले तर तेच जनुक हिवतापाच्या तीव्र स्वरूपापासून बालकाचे रक्षण करते. पुढे १९५८ साली फ्रँक लिव्हिंगस्टन या मानवशास्त्रज्ञाने आणखी एक दुवा जोडला. पश्चिम आफ्रिकेत शेतीसाठी जंगल तोडले गेले, उघड्यावर डबकी साचली, डास वाढले, आणि म्हणून तेथे या जनुकाचे प्रमाण वाढले, असे त्याने प्रतिपादिले. एका विळ्याच्या आकाराच्या पेशीचा अर्थ लावावयास रसायन, वैद्यक आणि नांगराचा इतिहास, असे तिघे एकत्र यावे लागले!

गोष्ट येथेच संपत नाही. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथे या रोगाच्या निर्मूलनाच्या राष्ट्रीय अभियानाचा आरंभ झाला. २०४७ पर्यंत हे कार्य तडीस न्यावयाचे आहे. त्यासाठी तरुणांचे रक्त तपासून त्यांच्या हाती कार्ड दिले जाते. समजा, एखाद्या निरोगी मुलीच्या कार्डावर ती या जनुकाची वाहक आहे असे लिहिले गेले. तिला ते कोण समजावून सांगणार? "ही मुलगी रोगी आहे" असे म्हणून गावाने तिचे लग्न मोडू नये, यासाठी काय करावे? सूक्ष्मदर्शक या प्रश्नाचे उत्तर देत नाही. आणि ज्याला जनुक म्हणजे काय हेच ठाऊक नाही, असा केवळ समाजशास्त्राचा पदवीधरही ते देऊ शकत नाही.

हे ओळखूनच अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० च्या सुमारास 'मानवी जीवशास्त्र' हा स्वतंत्र पदवी-अभ्यासक्रम आखण्यात आला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी जोशुआ लेडरबर्ग, जीवशास्त्रज्ञ डोनाल्ड केनेडी, मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड हॅम्बर्ग, समाजशास्त्रज्ञ सॅनफर्ड डॉर्नबुश अशी निरनिराळ्या शास्त्रांतील मंडळी त्यासाठी एकत्र आली. तेथे पेशी, जनुके, इंद्रिये यांचे पाठ आणि संस्कृती, समाज, शासनाची धोरणे यांचे पाठ जोडीने चालतात.

यावर कोणी म्हणेल, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" ही शंका रास्त आहे. चार विषयांची चार-चार पाने चाळणे म्हणजे विद्या नव्हे. परंतु स्टॅनफर्डमध्ये सर्वांना समान असा पाया घातल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचे एक क्षेत्र निवडावयाचे असते आणि त्यात खोल उतरावयाचे असते. चिंध्या आणि गोधडी यांत फरक आहे तो टाक्यांचा. आणि ते टाके घालणे हेच या शिक्षणाचे काम आहे.

ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. इरावती कर्वे माणसांच्या शरीराची मोजमापेही घेत आणि त्यांच्या नातेसंबंधांचा शोधही घेत. भारतातील आप्तसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पदवीच्या वर्गात निरनिराळ्या शाखांचे विषय एकत्र शिकण्याची वाट मोकळी केली आहे.

डॉक्टर होण्याचे स्वप्न कोणी सोडावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. असा अभ्यास केलेला डॉक्टर अधिकच चांगला होईल. परंतु प्रवेशपरीक्षेत चार गुण कमी पडले म्हणून जीवशास्त्रावर प्रेम करणाऱ्या मुलाने स्वतःला पराभूत का मानावे? सार्वजनिक आरोग्य, आहारशास्त्र, आनुवंशिक रोगांविषयीचे समुपदेशन, ही सारी क्षेत्रे सुशिक्षित माणसांची वाट पाहत आहेत. म्हणून पालकांस आमची नम्र विनंती आहे, की "डॉक्टर होणार ना?" असे विचारण्यापूर्वी त्यांनी एकदा "तुला मनुष्याविषयी काय जाणून घ्यावयाचे आहे?" असे विचारून पाहावे. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची तयारी मात्र आम्हां विद्यार्थ्यांनाच करावी लागेल.