कला शाखेला कोणते गणित हवे?

दहावीचा निकाल हाती आला, की विद्यार्थ्यांमध्ये एक उद्गार हटकून ऐकू येतो: “सुटलो एकदाचे गणितातून!” कला शाखेकडे वळणाऱ्या कित्येकांना साहित्याची वा इतिहासाची खरी ओढ असते. परंतु केवळ गणिताच्या भीतीने तिकडे वळणारेही थोडे नाहीत. आम्ही स्वतः कला शाखेचे असल्यामुळे ही भीती आम्हांस परकी नाही.

पंधराव्या-सोळाव्या वर्षी घेतलेला हा निर्णय पुढे महाविद्यालयाच्या दारात आडवा येतो. अर्थशास्त्र कला शाखेत शिकवले जाते; तथापि दिल्ली विद्यापीठात त्या विषयाच्या ऑनर्स पदवीच्या प्रवेशासाठी गणित अनिवार्य आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र टळत नाही.

मग सर्वांना एकच गणित सक्तीचे करावे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कलनशास्त्रावाचून गत्यंतर नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यावर तेच लादले, तर तो सूत्रे घोकील आणि परीक्षा संपताच विसरेल. परंतु त्याला गणितातून सर्वस्वी मुक्त करणे हेही त्याच्या हिताचे नव्हे. लघूची एक मात्रा व गुरूच्या दोन, तर चार मात्रांची रचना किती प्रकारे होईल? ५ प्रकारे. पाच मात्रांची ८, सहा मात्रांची १३. मागील दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढील संख्या, हा नियम हेमचंद्राने बाराव्या शतकात छंदःशास्त्रात सांगितला. हे गणित काव्याच्या विद्यार्थ्याचेच आहे.

इतिहासाचेही तसेच. गोमंतकात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी हजारो प्राचीन नाण्यांची वजने घेतली. नाणे जितका अधिक काळ हातोहात फिरते, तितके ते झिजते. या झिजेच्या संख्याशास्त्रीय अभ्यासावरून त्यांनी नाण्यांचा कालक्रम लावण्याची पद्धती सिद्ध केली.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या आराखड्यात पदवीच्या विद्यार्थ्याने अन्य विद्याशाखांचे तीन प्राथमिक अभ्यासक्रम घ्यावेत, अशी योजना आहे. निवडीसाठी दिलेल्या गटांत गणित, संख्याशास्त्र व संगणक यांचा एक गट आहे. सोय चांगली आहे. परंतु गणिताला भ्यालेला विद्यार्थी नेमका तोच गट टाळील. म्हणून आम्ही असे सुचवितो, की प्रत्येक विषयाच्या अभ्यासमंडळाने त्या विषयास लागणारे गणित स्वतः ठरवावे, ते आवश्यक करावे आणि त्याच विषयातील उदाहरणे घेऊन शिकवावे.

या वर्षी शाखा निवडणाऱ्या विद्यार्थ्यांस आमचे एवढेच सांगणे आहे: शाखा आवडीने निवडा, भीतीने नव्हे. आणि ज्या विषयाची पदवी घ्यावयाची आहे, त्यास कोणते गणित लागते, हे अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वीच विचारून घ्या.