घरचे आरोग्य : गोळी घासाबरोबरच

मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे डायलिसिस घेणारा रुग्ण आपल्या घरी वा शेजारी असेल, तर त्याच्या खांद्यापाशी, कोपरापाशी किंवा खुब्यापाशी आलेली कठीण गाठ कदाचित आपल्या दृष्टीस पडली असेल. घरची माणसे तीस सांध्याची सूज समजतात. कोणी तेल लावून चोळतो, कोणी शेक देतो. हाडे दुखतात म्हणून एखादा हितचिंतक कॅल्शियमच्या गोळ्याही आणून देतो. या साऱ्यामागे माया असते. परंतु ती गाठ चुन्याच्या क्षारांची असेल, तर यांतील एकही उपाय तिच्यावर चालत नाही, आणि शेवटचा तर अपाय करू शकतो.

हाडांत असावयाचा चुना मांसल भागात साठावा, हा प्रकार वैद्यकास नवा नाही. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५५ साली त्याचे वर्णन केले होते. मात्र त्या काळी मूत्रपिंडे थांबली की रुग्ण फार दिवस जगत नसे. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली हॉलंडमध्ये डायलिसिसचे यंत्र रुग्णासाठी वापरले. पुढे १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताच्या रक्तवाहिन्यांत कायम ठेवता येईल अशी नळी बसविली आणि वर्षानुवर्षे डायलिसिस घेणे शक्य झाले. आयुष्य वाढले, तसा हळूहळू साठणाऱ्या या चुन्यासही अवधी मिळाला.

हा चुना साठतो कसा, ते पाहू. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते, आणि तेथे त्याचा सोबती असतो फॉस्फरस. अन्नातून आलेला जास्तीचा फॉस्फरस निरोगी मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. ती निकामी झाली की तो रक्तात साचतो. शिवाय ड जीवनसत्त्वास कार्यक्षम रूप देण्याचे त्यांचे कामही मंदावते आणि अन्नातील कॅल्शियम नीट शोषले जात नाही. मग गळ्यातील चार लहानशा पॅराथायरॉइड ग्रंथी जादा स्राव सोडून हाडांतून कॅल्शियम व फॉस्फरस ओढून काढू लागतात. रक्तात दोहोंचे प्रमाण वाढले की त्यांचे क्षार सांध्यांभोवती, हृदयाच्या झडपांवर आणि रोहिण्यांच्या भित्तींत बसतात. सांध्याजवळची गाठ डोळ्यांस दिसते. रोहिण्यांचा कडकपणा दिसत नाही, आणि हृदयास अधिक भय त्याचेच असते.

डायलिसिसने हा फॉस्फरस निघत नाही काय, असे आपण विचाराल. निघतो, पण पुरेसा नाही. दिवसाच्या आहारात सुमारे १,००० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो व त्याचा निम्म्याहून अधिक भाग शोषला जातो. चार तासांच्या एका डायलिसिसने ढोबळ मानाने ६०० ते ९०० मिलिग्रॅम निघतो. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, पुष्कळांचे तर दोनदाच. जेवण मात्र रोजचे.

म्हणूनच डॉक्टर फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या देतात. त्या अन्नातील फॉस्फरसला आतड्यातच धरून शौचावाटे बाहेर नेतात. तेव्हा त्या जेवणाबरोबरच घेतल्या पाहिजेत. कॅल्शियम ॲसिटेटची गोळी घासाबरोबर घेतली तर औषध. तीच रिकाम्या पोटी घेतली तर तिच्यातील कॅल्शियम रक्तात जाते आणि साठ्यात भर पडते. सेव्हेलॅमरसारख्या गोळ्यांत कॅल्शियम नसते. पण वेळेचा नियम त्यांनाही आहेच. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करावे, हे डॉक्टरांस आधीच विचारून ठेवावे.

स्वयंपाकघरातही थोडी दक्षता हवी. कोला पेये, प्रक्रिया केलेले चीज, डबाबंद मांस यांत घातलेले फॉस्फेट जवळजवळ सर्वच शोषले जाते. डाळी-कडधान्यांतील त्या मानाने कमी. म्हणून भीतीपोटी रुग्णाच्या ताटातील डाळ परस्पर बंद करू नये. डायलिसिसच्या रुग्णास प्रथिनांची गरज अधिकच असते. किती आणि काय द्यावे, हे आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतही डायलिसिसची सोय होऊ लागली आहे. यंत्राचे काम तेथे होईल. पण दोन डायलिसिसमधले दिवस रुग्ण घरीच काढतो. घरात एक वही ठेवावी. तीत प्रत्येक तपासणीचे कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड स्रावाचे आकडे लिहावेत. नवी गाठ दिसल्यास ती चोळू नये, डॉक्टरांस दाखवावी. त्वचेवर जांभळट, अतिशय दुखणारे चट्टे उठले, तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि रुग्णाचे ताट वाढताना भातावर वरण घालण्यापूर्वी त्याची गोळी ताटाशेजारी ठेवावी.