पुस्तक जड की परीक्षा हलकी?

महाविद्यालयात कोणते पाठ्यपुस्तक लावावे हे अभ्यास मंडळे ठरवितात, ते विकत घेण्याचा भार पालक उचलतात आणि ते वाचण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांवर येऊन पडते. या तिघांपैकी ज्याचा पुस्तकाशी सर्वांत निकटचा संबंध, त्या विद्यार्थ्याला त्याविषयी काय वाटते हे विचारले जाते ते बहुधा छापील तक्त्यात खुणा करण्यापुरतेच. गेल्या सत्राच्या अखेरीस मी माझ्या वर्गाला निनावी चिठ्ठ्या लिहावयास सांगितल्या. विषय होता डेटाबेसची रचना आणि पुस्तक होते सिल्बरशाट्झ, कोर्थ व सुदर्शन यांचे ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’.

हे पुस्तक सामान्य नव्हे. त्याची पहिली आवृत्ती 1986 साली निघाली, सातवी 2019 साली. त्याचे एक लेखक सुदर्शन हे मुंबईच्या आयआयटीत अध्यापन करीत आले आहेत, ही आपल्याला विशेष जवळची वाटावी अशी गोष्ट. ज्या विचारावर हे शास्त्र उभे आहे तो एडगर कॉड यांनी 1970 साली मांडला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध त्यांतील समान मूल्यांवरून जुळवावा, हे त्याचे सार. या कार्याबद्दल 1981 साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

चिठ्ठ्यांचा सूर मात्र वेगळा होता. हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ एका सत्रात वाचावयाचा केव्हा, असा काहींचा प्रश्न. इंग्रजी समजते, पण एक परिच्छेद तीनदा वाचावा लागतो, अशी मराठी माध्यमातून आलेल्यांची कबुली. ‘नॉर्मलायझेशनची सूत्रे पाठ झाली, ती कशासाठी हे कळले नाही,’ असे एकाने लिहिले होते. आणि सर्वांत बोचरे वाक्य होते ते असे : ‘पुस्तक चांगले असेल, पण त्यावाचून आमचे काही अडले नाही, गाइडची चार पाने पुरली.’

‘आजची मुले वाचतच नाहीत’ असे म्हणून या चिठ्ठ्या बाजूला सारणे सोपे होते. तसे करणे अन्यायाचे होईल. तक्रारी नीट पाहिल्या तर त्यांतल्या फारच थोड्या पुस्तकाविरुद्ध आहेत. उरलेल्या आपल्याविरुद्ध आहेत.

नॉर्मलायझेशनचेच पाहा. शिक्षक आणि विभाग यांची माहिती एकाच तक्त्यात कोंबली तर विभागाचे अंदाजपत्रक प्रत्येक शिक्षकापुढे पुन्हा पुन्हा लिहावे लागते, आणि ज्या विभागात अद्याप शिक्षकच नाही त्याची नोंदच करता येत नाही, असे पुस्तक दाखविते. उदाहरण निर्दोष आहे. पण ज्या विद्यार्थ्याने विभागाचे अंदाजपत्रक कधी पाहिलेले नाही, त्याच्या मनात ते रुजत नाही. तेच शाळेच्या शुल्काच्या नोंदवहीवरून सांगून पाहावे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओळीत तुकडी, वर्गशिक्षकाचे नाव आणि त्यांचा दूरध्वनी लिहिला आहे. शिक्षक बदलले की साठ ओळी खोडावयाच्या; त्यांतल्या दोन राहिल्या की एकाच प्रश्नाला वहीत दोन उत्तरे. नवी तुकडी मंजूर झाली, शिक्षक नेमले, पण प्रवेश झालेला नाही; मग त्यांचे नाव लिहावयाचे कोठे? तुकडीतील शेवटचा विद्यार्थी दाखला घेऊन गेला, त्याची ओळ रद्द झाली, की शिक्षकाची नोंदही गेली. उपाय कोणताही अनुभवी लेखनिक सांगेल : तुकड्यांची वही निराळी ठेवा आणि विद्यार्थ्यांच्या वहीत केवळ तुकडीचे नाव लिहा. नॉर्मलायझेशनचा गाभा तो हाच. आमच्या कचेऱ्यांतील कारकुनांना तो पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. त्याला शास्त्रीय नाव तेवढे नव्हते.

पुस्तक आणि विद्यार्थी यांच्यामधला हा पूल बांधणे हे शिक्षकाचे काम होते. मी ते पुरेसे केले नाही, हे कबूल केले पाहिजे.

दुसरा दोष परीक्षेचा. ‘तिसऱ्या नॉर्मल फॉर्मची व्याख्या लिहा’ असा पाच गुणांचा प्रश्न वर्षानुवर्षे येत राहिला, तर शहाणा विद्यार्थी गाइडच घेणार. त्यात त्याचा आळस नसून हिशेब आहे. व्याख्या येते आणि रचना येत नाही, असा पदवीधर तयार होतो तो येथे.

याची किंमत कोण देतो? शिधापत्रिकेवर नावाचे एक रूप, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, बँकेच्या खात्यावर तिसरे, आणि तेवढ्यावरून अडलेली शिष्यवृत्ती. हा अनुभव नसलेले घर विरळा. यातील सर्वच चुका रचनेच्या नसतात. काही लिहिणाऱ्याच्या हाताच्याही असतात. पण एकच गोष्ट दहा ठिकाणी नोंदविली की ती दहा ठिकाणी चुकण्याची सोय होते, आणि एके ठिकाणची दुरुस्ती नऊ ठिकाणी पोहोचत नाही. उद्या या नोंदींची रचना करणारे आज आमच्या वर्गात बसले आहेत.

विद्यार्थ्यांच्या मताने पाठ्यपुस्तके ठरू लागली तर सर्वांत पातळ पुस्तक निवडून येईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. परंतु रोग्याला औषध निवडावयास सांगणे वेगळे आणि कोठे दुखते हे विचारणे वेगळे. पुस्तक बदलू नये. प्रश्नपत्रिका बदलावी : एखादी खरी, गोंधळलेली नोंदवही द्यावी, पुस्तक उघडून बसू द्यावे आणि तिचे तक्ते पाडून दाखवावयास सांगावे. ग्रंथालयात पुरेशा प्रती ठेवाव्यात. शिवाय 2021-22 पासून अभियांत्रिकीचे शिक्षण प्रादेशिक भाषांतून देण्यास वाट मोकळी झाली आहे. तिचा लाभ घेऊन मूळ ग्रंथाच्या जोडीला शंभरेक पानांची मराठी पुस्तिका अध्यापकांनी लिहावी. पारिभाषिक शब्द हवे तर इंग्रजीच राहू द्यावेत. उदाहरणे मात्र आपल्या गावची असावीत.

त्या चिठ्ठ्या मी जपून ठेविल्या आहेत. पुढील वर्षी पुन्हा लिहवून घेईन. गाइडवाचून अडले नाही, असे एकाने जरी लिहिले तरी पुस्तक योग्य जागी पोहोचले असे समजेन.