पट्टी भरण्याची मजुरी

पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जायचा तर वाटेत कोणाला तरी मजुरी द्यावी लागते, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. व्यापाऱ्यांनी हुंडणावळ दिली, नोकरदारांनी परगावच्या धनादेशावरील वटणावळ सोसली आणि मुंबईच्या गिरणीतून गावी मनिऑर्डर पाठविणाऱ्या कामगाराने वीस रुपयांमागे एक रुपया टपाल खात्याच्या हवाली केला. मात्र हे सारे ज्याचे त्याचे खासगी व्यवहार होते. घरपट्टी व पाणीपट्टी ही देणी सक्तीची आहेत. ती कार्डाने अथवा भ्रमणध्वनीवरून भरता येऊ लागल्यापासून वाटेतली मजुरी कोणी द्यायची, हा प्रश्न नगरपालिका व ग्रामपंचायतींच्या दारात येऊन उभा राहिला आहे.

शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे नाव सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वत्र परिचित आहे. या परिसरात उसाचे बिल आणि शिक्षकाचे वेतन बँकेत जमा होते. शेतमजुराची मजुरी मात्र अजूनही बहुधा रोख हातात पडते. एकाच गावात पैशाच्या या दोन तऱ्हा नांदत असताना करवसुलीची नवी पद्धत कोणाच्या सोयीने आखायची, याचा विचार मुंबईच्या मोजमापाने करून चालणार नाही. सर्व पंचायतींनी 15 ऑगस्ट 2023 पर्यंत महसूल यूपीआयने स्वीकारण्याची व्यवस्था करावी, असे केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने राज्यांना कळविले होते. सूचना योग्यच होती. पण पेटी बसविण्याचा आदेश निघाला की पेटीच्या किल्लीचा खर्च कोणाचा, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

खर्चाचे स्वरूप आधी पाहिले पाहिजे. रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरील व्यापारी सवलत दर, म्हणजे पैसे स्वीकारणाऱ्याकडून बँक कापून घेते ते शुल्क, 1 जानेवारी 2020 पासून शून्य आहे. इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने 2018 पासून मोठ्या व्यापाऱ्यांसाठी 0.90 टक्क्यांची व एका व्यवहारास 1,000 रुपयांची मर्यादा घातली आहे. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादाच नाही. तेथे दोन टक्क्यांच्या आसपास आकार पडणे ही सामान्य गोष्ट आहे. 5,000 रुपयांच्या पट्टीवर दोन टक्क्यांनी 100 रुपये व त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर धरला तर 118 रुपये वाटेतच जिरतात. यूपीआय फुकट आहे असे म्हणतात, तेही पुरते खरे नव्हे. लहान व्यवहारांसाठी बँकांना प्रोत्साहन म्हणून 2024-25 या वर्षाकरिता सुमारे 1,500 कोटी रुपयांची योजना केंद्राने मंजूर केली होती. म्हणजे ज्याने कधी यूपीआय वापरलेले नाही, तोही काडीपेटी विकत घेताना भरलेल्या करातून त्याचा भार उचलतोच.

खरी अडचण हिशेबात आहे. नागरिकाने 5,000 रुपये भरले, बँकेने आपला आकार कापून 4,882 रुपये पंचायतीच्या खात्यात जमा केले, तर कारकुनाने नमुना 10 ची पावती किती रकमेची फाडावी? पावती 4,882 ची दिली तर नमुना 9 च्या मागणी नोंदवहीत 118 रुपयांची थकबाकी त्या निर्दोष करदात्याच्या नावावर चढते. पावती 5,000 ची दिली आणि रोकडवहीत 4,882 लिहिले, तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला, आणि त्याचा खुलासा करण्याची पाळी ज्या कारकुनाने एक पैसाही हातात घेतला नाही त्याच्यावर. कर पूर्ण जमा दाखवायचा व बँकेचा आकार खर्च म्हणून वेगळा नोंदवायचा, हाच सरळ मार्ग आहे. परंतु त्यासाठी अंदाजपत्रकात तशी तरतूद हवी, आणि ती करायची म्हणजे हा खर्च गावाने सोसायचा की नाही हे उघडपणे ठरवावे लागते.

केंद्र सरकारने डिसेंबर 2016 मध्ये आपल्या खात्यांना हा भार नागरिकांवर न टाकण्यास बजावले आणि राज्यांना तसाच विचार करण्याचा सल्ला दिला. सल्ल्याबरोबर पैसा आला असता तर तो अधिक गोड वाटला असता! अमेरिकेत केंद्रीय प्राप्तिकर कार्डाने भरणाऱ्याकडून खासगी मध्यस्थ आपले शुल्क थेट घेतात; कर खाते त्यात पडत नाही. ब्रिटनमध्ये जानेवारी 2018 पासून ग्राहकांच्या कार्डांवर अधिभार घेण्यास बंदी झाली, तेव्हा तेथील महसूल खात्याने इतर करदात्यांवर बोजा नको म्हणून वैयक्तिक क्रेडिट कार्ड घेणेच बंद केले. हा निर्णय कठोर असला तरी त्यामागील तर्क पुरुषोत्तमनगरलाही लागू पडतो. क्रेडिट कार्ड वापरणाऱ्याला महिनाभराची उधारी व बक्षिसाचे गुण मिळतात. त्यांची किंमत रोख पट्टी भरणाऱ्या ऊसतोड मजुराने गावनिधीतून का चुकवावी?

तेव्हा क्रेडिट कार्डाचा आकार ते वापरणाऱ्याकडून घेणे अन्याय्य नाही. अट एवढीच की बिनशुल्क मार्ग शेजारीच उपलब्ध असावा आणि आकाराची रक्कम पैसे भरण्यापूर्वी कळावी. मात्र पंचायतीने तो स्वतःच्या नावाने परस्पर वसूल करू नये; कायद्याच्या आधाराखेरीज कर लावता येत नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद 265 सांगतो, आणि ‘सोयीचे शुल्क’ असे नाव दिल्याने हा प्रश्न टळत नाही.

डेबिट कार्डाचे गणित निराळे आहे. रोख वसुलीलाही खर्च येतो. शिपाई दारोदार फिरतो, नोटा मोजल्या जातात, भरणा करण्यासाठी कोणीतरी बँकेत अर्धा दिवस घालवतो. हा खर्च वेतनात मुरलेला असल्यामुळे दिसत नाही, इतकेच. महावितरणने हे ओळखून ऑनलाइन वीजबिल भरणाऱ्या लघुदाब ग्राहकांना 0.25 टक्के सूट देऊ केली, पण क्रेडिट कार्ड निःशुल्क सोयीतून वगळले. मुदतीत कर भरणाऱ्यास 5 टक्के सूट देण्याची पद्धत ग्रामपंचायतींत रूढ असताना, डेबिट कार्डाच्या 0.90 टक्क्याने गावनिधी बुडेल ही भीती अनाठायी आहे. येत्या अंदाजपत्रकात ‘बँक आकार’ या शीर्षाखाली काही रक्कम दाखवून ती ग्रामसभेपुढे ठेवावी, आणि कोणत्या मार्गाने भरल्यास किती जादा पडते याचा फलक घरपट्टीच्या खिडकीजवळ लावावा. एवढ्यासाठी कोणत्याही नव्या शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.