कुणकेश्वरची पेटी आणि वॉशिंग्टनची सही

देवगड तालुक्यात कुणकेश्वराच्या देवळाची एक आख्यायिका सांगतात. फार पूर्वी एका परदेशी व्यापाऱ्याचे गलबत या किनाऱ्याजवळ वादळात सापडले. बहुतेक जण त्याला इराणी म्हणतात. काळोखात त्याला किनाऱ्यावर एक मिणमिणता दिवा दिसला. ‘वाचलो तर त्या दिव्याच्या जागी मोठे देऊळ बांधीन,’ असा नवस तो बोलला. वादळ शमले, त्याने शब्द पाळला आणि आजचे शिवमंदिर उभे राहिले. पण परक्या देवाचे देऊळ बांधणाऱ्याला आपले लोक आता घेणार नाहीत, या विचाराने त्याने देवळावरूनच उडी घेतली, असे म्हणतात. देवळाजवळची एक समाधी त्याची म्हणून दाखवतात.

इतिहास या कथेला किती दुजोरा देईल हा प्रश्न वेगळा. परंतु परदेशी व्यापार हा दिल्ली-मुंबईच्या मोठ्या इमारतींत घडणारा प्रकार आहे, असे मानणाऱ्यांनी ती जरूर ऐकावी. या किनाऱ्याला दूरदेशीचा व्यापारी नवा नाही. ज्या हापूसवर आज देवगडचा संसार चालतो, त्याचे नावसुद्धा पोर्तुगीजांच्या अल्फान्सोवरून आलेले आहे. कातळात सुरुंग लावून खड्डे करायचे, बाहेरून आणलेली माती त्यांत भरायची, कलम लावायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, हे कष्ट मात्र अस्सल इथल्या माणसाचे.

दोन देशांच्या व्यापाराचे आकडे नेहमी अब्जांत येतात, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यावरून जातात. भारत आणि अमेरिका यांच्यात २०२४ साली सुमारे १२९ अब्ज डॉलरच्या मालाची देवघेव झाली. त्यात औषधे होती, हिरे होते, तेल होते, यंत्रे होती. या डोंगरात कुणकेश्वरच्या आंब्याचा वाटा मोहरीएवढा. पण शिते पाहून भाताची परीक्षा होते. अमेरिकेशी आपले व्यापारी नाते कसे चालते हे समजून घ्यायचे असेल, तर एका पेटीचा प्रवास पाहणे पुरेसे आहे.

अमेरिकेने भारतीय आंब्याला १९८९ पासून दार बंद केले होते. कारण सांगितले गेले ते फळमाशीचे आणि कोयीतल्या भुंग्याचे. आपल्या बागांत ही कीड शिरेल, ही त्या देशाची भीती. ती अगदीच खोटी होती असे म्हणता येत नाही. पण भीती खरी असली तरी तिच्यावर उपाय शोधायला १८ वर्षे का लागावीत? याचे उत्तर शेतीशास्त्रात नाही, राजकारणात आहे. २ मार्च २००६ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांचे संयुक्त निवेदन दिल्लीत प्रसिद्ध झाले. अणुकरारामुळे ते जगभर गाजले. त्याच निवेदनात भारतीय आंब्याच्या आयातीचाही उल्लेख होता. त्यानंतर वर्षभरात, एप्रिल २००७ मध्ये, हापूस आणि केशराची पहिली खेप अमेरिकेत उतरली. त्याच सुमारास भारताने ८०० सीसीवरील परदेशी मोटारसायकलींना वाट करून दिली. ‘आंबा द्या, हार्ले घ्या’ असा हा सौदा असल्याचे तेव्हा गमतीने म्हटले जाई. पुढे २०२० मध्ये हार्ले-डेव्हिडसनने हरियाणातला आपला कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. आंबा मात्र अजून जातो आहे. अडखळत जातो, पण जातो.

तो कसा जातो, हे पाहण्यासारखे आहे. झाडावरून झेल्याने देठासकट उतरवलेले फळ पारखून वाशीला पाठवायचे. देवगडपासून हे अंतर ४०० किलोमीटरहून अधिक. तिथे निवड, धुलाई, गरम पाण्याची प्रक्रिया. मग डझनाच्या आसपास फळांचा खोका विकिरण केंद्रात जातो. २००७ मध्ये हे काम नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात झाले. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते मुळात कांद्या-बटाट्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारले होते. पुढे राज्य कृषी पणन मंडळाचे केंद्र वाशीत आले. कोबाल्टच्या गॅमा किरणांची किमान ४०० ग्रे एवढी मात्रा फळाला दिली जाते. त्याने फळ किरणोत्सारी होत नाही, फक्त आत लपलेल्या किडीची पुढची पिढी वाढत नाही. हे सारे घडत असताना अमेरिकेच्या कृषी खात्याचा अधिकारी तिथे हजर लागतो. त्याच्या येण्या-राहण्याचा खर्च आपल्या बाजूने करायचा. त्याची सही झाली की खोका विमानात.

आता यातली गोम लक्षात घ्या. अमेरिकेचा आंब्यावरचा मूळ आयात कर किलोला अवघा ६.६ सेंट. म्हणजे आपल्या रुपयांत पाच-सहा रुपये. कराची भिंत अशी गुडघ्याएवढीच होती. खरी भिंत होती ती विमानभाड्याची, प्रक्रियेची आणि त्या सहीची. मेक्सिकोचा आंबा गरम पाण्यातून काढला की ट्रकमध्ये बसून सीमा ओलांडतो. आपल्याला सातासमुद्रांवरून उडत जावे लागते. त्यामुळे तिथे आपला आंबा घेतो तो मुख्यतः आपलाच माणूस. न्यू जर्सीतले एखादे मराठी कुटुंब मे महिन्यात जपून एक खोका आणते आणि अक्षय तृतीयेची आठवण काढत आमरस करते. ही बाजारपेठ मायेची आहे. पण मायेला मर्यादा असतात, आणि भावालाही.

सहीवर सारे अवलंबून असले म्हणजे काय होते, ते २०२० साली कळले. करोनामुळे अमेरिकी अधिकारी येऊ शकले नाहीत आणि सलग दोन हंगाम निर्यात थांबली. त्याआधी २०१९-२० मध्ये १,०९५ टन आंबा अमेरिकेला गेला होता. त्याचे मोल सुमारे साडेत्रेचाळीस लाख डॉलर होते. फळात दोष नव्हता, गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती. फक्त सही करणारा माणूस नव्हता. त्यातच मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने ऐन हंगामात हा किनारा झोडपला. नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन्ही देशांत बोलणी होऊन तोड निघाली. आपले आंबे-डाळिंबे तिकडे जातील, त्यांच्या चेरी आणि जनावरांचा चारा इकडे येईल, आणि तपासणीचे काम टप्प्याटप्प्याने भारतीय यंत्रणेकडे येईल, असे ठरले. २०२२ मध्ये वाट खुली झाली. २०२३ च्या एप्रिल ते ऑगस्टमध्ये २,०४३ टन आंबा अमेरिकेला गेला.

गाडी रुळावर आली असे वाटत असताना मे २०२५ मध्ये आंब्याच्या पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथल्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. किडीचा प्रश्न नव्हता. विकिरणाच्या नोंदीच्या कागदपत्रांत चूक असल्याचे अमेरिकेचे म्हणणे होते. परत न्या किंवा नष्ट करा, असे दोन पर्याय देण्यात आले. पिकत चाललेले फळ परत आणण्याचा खर्च फळाच्या किमतीहून अधिक. निर्यातदारांनी ते तिथेच नष्ट केले. नुकसानीचा अंदाज पाच लाख डॉलरचा होता. एका कागदाची ही किंमत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि मग रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन आणखी २५ टक्के आयातशुल्क लादले. सर्वांत मोठा फटका कोळंबी, कापड आणि हिऱ्यांच्या धंद्यांना बसला. आंब्याचा हंगाम तोवर उलटून गेला होता. नोव्हेंबरमध्ये कॉफी, चहा, मसाले आणि काही उष्ण प्रदेशातल्या फळांना त्या शुल्कातून सूट मिळाली. ती आपल्या प्रेमापोटी मिळाली नव्हती. अमेरिकी गृहिणीला वाणसामान महाग पडू लागले म्हणून मिळाली होती. ज्या वस्तूवाचून त्यांचे अडते, तिच्यावरचा कर ते काढतात. आंब्यावाचून अमेरिकेचे अडत नाही, ही आपली खरी अडचण आहे.

अमेरिकेशी कोकणाची दुसरी भेट आठवते का? १९९२ च्या जूनमध्ये एन्रॉन कंपनीशी दाभोळ वीज प्रकल्पाचा सामंजस्य करार झाला. अमेरिकेची भारतातली सर्वांत मोठी गुंतवणूक म्हणून तिचा गाजावाजा होता. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला, १९९६ मध्ये पुन्हा केला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली. तिचा दर राज्य वीज मंडळाला पेलवेना आणि मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे वाजले. गुहागर तालुक्यातल्या त्या प्रकल्पाची आणि कुणकेश्वरच्या पेटीची तुलना कुणाला विचित्र वाटेल. पण धडा एकच आहे. परदेशाशी व्यवहार करू नये, हा तो धडा नव्हे. करारातली बारीक अक्षरे कुणी वाचली, कुणासाठी वाचली आणि तोटा झाला तर तो कुणाच्या पदरात पडणार, हे आधी ठरवावे, हा तो धडा. दाभोळला बारीक अक्षरे वीजदराची होती, आंब्याला ती तपासणीची आहेत.

आणि व्यापार म्हटला की देणे आलेच. आपल्या आंब्यासाठी दार उघडा म्हणताना समोरचा आपल्या सफरचंदाचे, बदामाचे, मक्याचे, सोयाबीनचे, दुधाच्या पदार्थांचे काय, असे विचारणारच. २०१९ मध्ये अमेरिकेने भारताच्या सवलती काढल्या, तेव्हा आपण त्यांच्या बदाम, अक्रोड आणि सफरचंदांवर जादा कर बसवला. तो २०२३ मध्ये उठला. देवगडच्या बागायतदाराला मोकळा बाजार हवा असतो, हिमाचलच्या सफरचंदवाल्याला तोच नको असतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्याची झोप तर अमेरिकी सोयाबीनच्या नुसत्या बातमीने उडते. ही सगळी आपलीच माणसे आहेत. म्हणून कुठल्याही कराराचे स्वागत किंवा निषेध करण्यापूर्वी, आपल्या घरातला कोण जिंकला आणि कोण हरला, हे विचारायला हवे.

मग कुणकेश्वरच्या माणसाने वॉशिंग्टनकडे डोळे लावून बसावे काय? मुळीच नाही. भारतात वर्षाला दोन कोटी टनांहून अधिक आंबा पिकतो. २०२३-२४ मध्ये सगळ्या जगाला मिळून आपण ३२ हजार टनांच्या आसपास ताजा आंबा पाठवला. म्हणजे हजार किलोमागे दीड किलो. उरलेला सारा आपणच खातो, आणि तिथेच देवगडची मोठी लढाई आहे. परप्रांतातला आंबा ‘देवगड’ म्हणून पुण्या-मुंबईच्या गल्लीत विकला जातो. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळावर ओळखक्रमांकाचे स्टिकर आणले. ही छोटी वाटणारी पावले अमेरिकेच्या करारापेक्षा बागायतदाराच्या खिशाला अधिक जवळची आहेत. फळ कुणाचे, कुठल्या बागेतले, हे सिद्ध करता येणे हीच जगाच्या बाजाराची पहिली अट आहे, आणि घरच्या बाजाराचीही. ज्याची नोंद चोख, त्याचा माल अडवणे अवघड. पंधरा खेपा फुकट गेल्या त्या फळ वाईट म्हणून नव्हे, हे विसरता कामा नये.

दुसरी गोष्ट सरकारने करायची आहे. आंबा पिकतो सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आणि परवाना मिळतो वाशीत, या अंतरात छोटा बागायतदार गळतो. ४०-५० कलमांचा मालक वाशीपर्यंत पोहोचत नाही. तो बागेतच व्यापाऱ्याला फळ देऊन मोकळा होतो. परदेशी भाव त्याच्या कानावर येतो, हातात येत नाही. मालवणीत सांगायचे तर ‘आंबो आमचो, भाव तेंचो’ अशी त्याची गत. निवड, प्रक्रिया आणि तपासणी पिकाच्या जवळ आली आणि सहकारी संस्थांच्या हाती राहिली, तरच दोन देशांच्या करारातले चार पैसे या कातळावर झिरपतील.

महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या वाळूवर माणसांचा समुद्र लोटतो. तेव्हा कलमांवर मोहर आणि कैरी एकाच वेळी दिसतात, आणि प्रत्येक बागायतदाराच्या डोळ्यांत यंदाचा हिशेब असतो. आख्यायिकेतल्या त्या व्यापाऱ्याला वादळात दिवा दिसला, कारण किनाऱ्यावर कुणीतरी तो लावून ठेवला होता. आज वादळे वॉशिंग्टनमधून येतात, कधी अरबी समुद्रातून. ती थांबवणे आपल्या हाती नाही. दिव्यात तेल घालणे आहे.